दत्तानं लपवलं नव्हतं

फोन सकाळी सव्वासातला आला. दत्ता ज्या लॉबीत काम करायचा तिथून... लॉबी म्हणजे रेल्वेचे ड्रायव्हर कामावर चढताना-उतरताना जिथं सही करतात ती स्टेशनातली खोली. पलीकडच्या माणसानं आधी दोनदा माझं नाव विचारून खात्री करून घेतली आणि मग म्हणाला, "अण्णा, दत्ताभाऊ खुर्चीत बसले ते उठलेच न्हाईत बघा." दत्ता माझा धाकटा भाऊ. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, बावन्न पुरी व्हायची होती. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहून दिलं. तेवढंच खरं मानून मी गप्प बसलो असतो, पण तिसऱ्या दिवशी होटगीच्या स्मशानात राख सावडायला बसलो आणि बोटाला काहीतरी लागलं. उचलून पाहिलं तर एक काळी पडलेली पातळ जाळी. चहाच्या गाळणीचा तुकडा कापून वाकवावा तशी, दोन बोटांत मावेल एवढी. शेजारी आमचा चुलतभाऊ महादू बसला होता. त्यानं विचारलं, "काय घावलं, अण्णा?" मी म्हणालो, "काही नाही, लाकडातला खिळा आहे." आणि ती जाळी खिशात टाकली. सख्ख्या भावाच्या राखेसमोर बसून मी खोटं बोललो, आणि माझी जीभ अडखळलीसुद्धा नाही.

ती जाळी टायटॅनियमची होती. आठ वर्षं ती दत्ताच्या डाव्या डोळ्याच्या खोबणीत, डोळ्याच्या खाली बसवलेली होती. महादूला तसं सांगितलं असतं तर त्यानं पुढं विचारलं असतं, की कशी बसली, का बसली, उशीर का झाला. पैकी उशिराचं उत्तर गावाकडे पाठ आहे. दहाव्याला जमलेल्या मंडळींनी ते माझ्या तोंडावर पुन्हा म्हणून दाखवलं. "माणूस सोन्यासारखा, पण स्वतःच्या हातानं नोकरी घालवली. डोळ्याला लागलेलं रेल्वेपासून लपवलं नसतं, तर आज एक्स्प्रेस चालवत असता." मी मान डोलावली. आठ वर्षं डोलावतोच आहे, तेव्हा आणखी एकदा डोलावायला काय जातंय! पण त्या दिवशी घरी सोलापूरच्या भवानी पेठेत आलो, पायातल्या चपला काढल्या आणि दारातच खाली बसलो. माझी मलाच इतकी किळस आली की तिथून उठवेना. म्हणून हे लिहायला घेतलं. वाचणाऱ्याला गोड वाटेल असं यात फारसं काही नाही, ते आधीच सांगून टाकतो.

आमचे वडील लवकर गेले. दत्ता तेव्हा सहा वर्षांचा होता. आमचं शेत होटगी जंक्शनच्या रुळांना लागून, त्यामुळे हा पोरगा शेतात कमी आणि रुळांकडे तोंड करून जास्त. इंजिन कुठल्या जातीचं, मालगाडीला डबे किती, सिग्नल कधी पडला, सगळं त्याला ठाऊक असायचं आणि पाढे विचारले की नुसता बघत बसायचा. मी त्याला बदडलंही आहे त्यापायी. पुढं मी सोलापुरात एका शाळेत कारकुनीला लागलो आणि हा पठ्ठ्या रेल्वेची परीक्षा देऊन असिस्टंट ड्रायव्हर झाला. मग मालगाडी आणि त्यानंतर पॅसेंजर. पहिल्यांदा पॅसेंजर घेऊन होटगीवरून जाणार होता तेव्हा त्यानं आम्हाला सगळ्यांना फलाटावर बोलावलं होतं. माझी बायको मंगल गेली, आमची मुलगी रेणू गेली, अख्खी भावकी गेली. मी गेलो नाही. शाळेत तपासणी होती म्हणे! आता आठवत बसलो तरी त्या तपासणीत काय तपासलं ते आठवत नाही. मंगल घरी आल्यावर सांगत होती, की भावजींनी इंजिनातून मान बाहेर काढून सगळ्यांकडे बघितलं आणि विचारलं, "अण्णा कुटं हायत?" मी म्हणालो, त्यात काय, रोजच चालवणार आहे आता तो.

रेणू बारावीत असताना मंगल गेली. घरात आम्ही दोघंच उरलो. दत्ता आणि त्याची बायको सुनीता होटगीला राहायचे, पण रेणूच्या अर्ध्याअधिक सुट्ट्या त्यांच्याकडेच गेल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. सुनीता अक्कलकोटकडची, कमी बोलणारी. पोर पोटी नाही याबद्दल तिच्या तोंडून मी कधी शब्द ऐकला नाही, पण रेणूची वेणी घालताना तिचा हात कसा चालायचा ते मला दिसत होतं. रेणूचं लग्न ठरलं, तेव्हा कन्यादानाचा प्रश्न आला. आमच्यात बायको गेलेल्या माणसानं एकट्यानं कन्यादानाला बसायचं नाही. मग दत्ता आणि सुनीतानं बसायचं ठरलं. देवकही त्यांच्याच हातून बसणार होतं. देवक म्हणजे लग्नाआधी घरात बसवायचं कुळाचं दैवत. ज्या जोडप्याच्या हातून ते बसतं, त्यांनी ते उठेपर्यंत घरची मर्यादा सांभाळायची. सुनीतानं त्यासाठी हिरवी इरकल घेतली आणि लग्नाआधी दीड महिना रोज काढून बघितली. दत्ता तिची चेष्टा करायचा, "अगं घड्या पडून फाटंल ती, मग परकर नेसून बस कन्यादानाला."

लग्नाला सात दिवस होते. दत्ता लांबलचक रजा टाकून आला होता. दारात मांडव घालायचं काम चाललं होतं, मांडववाले जेवायला गेले होते आणि मला एका बाजूची झालर वाकडी दिसत होती. माझा स्वभावच तसा. शाळेतल्या फळ्यावरची तारीख वाकडी असली तरी मी शिपायाला पुसायला लावायचो. मी दत्ताला म्हणालो, "ते येईपर्यंत कशाला थांबायचं, तूच घे सरळ करून." तो स्टुलावर चढला, वासा सोडवायला गेला, वासा निसटला आणि त्याचं मुठीएवढं टोक त्याच्या डाव्या डोळ्यावर येऊन बसलं. तो खाली आला तेव्हा नाकातून रक्त येत होतं. म्हणाला, "काय न्हाय अण्णा, लागलं थोडं." पण त्यानं नाक शिंकरलं मात्र, डोळ्याखालची कातडी आणि पापणी टम्म फुगली. सुनीता किंचाळली, "अय्यो, डोळा गेला की ह्यांचा!" तसंच रिक्षात घालून सात रस्ता चौकातल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर चांगले होते. आज त्यांच्याबद्दल बोट दाखवायला मला जागा नाही. त्यांनी स्कॅन करून आणायला लावला, पडद्यावर लावून दाखवला आणि आम्हाला कळेल अशा भाषेत सांगितलं. डोळा शाबूत आहे. पण डोळा ज्या हाडावर बसतो ते अंड्याच्या टरफलासारखं पातळ असतं, ते मोडून खाली गेलंय. डोळा वर-खाली फिरवणारा स्नायू त्या फटीत अडकलाय, म्हणून वर बघितलं की एकाचे दोन दिसतायत. आता सूज आहे, ती आठ-दहा दिवसांत उतरेल. ती उतरली की ऑपरेशन करून स्नायू सोडवून घ्यायचा आणि खाली जाळी बसवायची. "पंधरा दिवसांच्या पुढं नेऊ नका," ते म्हणाले, "आत जखम भरत आली की सगळं एकमेकांना चिकटून बसतं, मग सोडवायला फार अवघड." चिठ्ठीवर संपर्कासाठी माझा नंबर लिहिला. गाडीवर असला की दत्ताचा फोन बंद असतो, म्हणून मीच माझा सांगितला.

त्याच संध्याकाळी मी दत्ताला मागच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. जे बोललो ते शब्दन्‌शब्द आठवतं. मी म्हणालो, "परवा देवक बसतंय. आपल्यात देवक उठेपर्यंत अंगाला शस्त्र लागत नाही, तुला ठाऊक आहे." तो म्हणाला, "डॉक्टर पंधरा दिस म्हनले न्हवं?" मी हिशेब करून दाखवला, की सातव्या दिवशी लग्न, दहाव्या दिवशी गोंधळ घालून देवक उठवू, अकराव्या दिवशी मी स्वतः तुला दवाखान्यात घालतो. त्यानं बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाला, "रेल्वेच्या दवाखान्यात तरी सांगून येतो उद्या. ड्रायव्हरचा डोळा हाय, अण्णा, सांगावं लागतंय." त्यावर मी भडकलो. म्हणालो, "अजिबात नाही. तू रजेवर आहेस. त्यांना कळलं की ते तुला तिथंच भरती करून घेतील आणि लग्नाला सोडणार नाहीत. तुला जमत नसेल तर तसं सांग, महादूला आणि त्याच्या बायकोला बसवतो कन्यादानाला." महादूचं नाव मी मुद्दाम घेतलं होतं. सुनीताची ती इरकल मला माहीत होती. दत्तानं सुजलेल्या डोळ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बरं. तुमी म्हनाल तसं."

लग्न थाटात झालं. दत्तानं काळा गॉगल घातला होता आणि पाहुणे म्हणत होते, काकाच नवरदेव दिसतोय. तोही हसत होता. कन्यादानाच्या वेळी सुनीता पाण्याची धार धरत होती, तर दत्ताची ओंजळ धारेच्या बोटभर पुढं गेली. पाणी चौरंगावर सांडलं. सुनीतानं डाव्या हातानं त्याचं मनगट धरून ओंजळ मागं धारेखाली आणली आणि भटजींनी पुढचा मंत्र म्हटला. मी समोरच उभा होतो. मला दिसलं. मी दुसरीकडे बघितलं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवऱ्यामुलाचे चुलत आजोबा वारले. त्यांना सुतक आलं, गोंधळ पुढं गेला. नवराबायको हजर असल्याशिवाय गोंधळ नाही आणि गोंधळ झाल्याशिवाय देवक उठवायचं नाही, असा माझा हेका. आमचे गोंधळी म्हातारे होते, त्यांना विचारायला मीच गेलो होतो. ते म्हणाले, "अण्णा, देवक आज उठवा की. गोंधळ मागनं घालू. आईला चालतंय, माणूस आधी बघा." मी काय म्हणावं? "तुम्ही संबळ वाजवा, शास्त्र मला शिकवू नका." ज्याच्या सात पिढ्या देवीच्या दारात गेल्या, त्याला मी शास्त्र सांगत होतो! म्हाताऱ्यानं नुसता नमस्कार केला.

आणि तेवढ्यात दत्ताची सूज उतरली. हीच तर खरी गोम. काळंनिळं गेलं, डोळा उघडला, माणूस पहिल्यासारखा दिसायला लागला. घरातले सगळे म्हणाले, बरं झालं, ऑपरेशन टळलं. मी तर विजयी मुद्रेनं म्हणालो, "बघ, डॉक्टर लोक उगाच घाबरवतात." दत्ता म्हणाला, "गालाला मुंग्या हायत अजून. वर बघितलं की जिना दोन दिसतोय. एकावर पाय द्यायचा, दुसरा सोडायचा." आम्ही हसलो. दवाखान्यातून फोन आला, एकदा नाही, दोनदा. दोन्ही वेळी मीच उचलला. पहिल्यांदा सांगितलं, पेशंट बाहेरगावी गेलाय. दुसऱ्यांदा सांगितलं, बरं वाटतंय, कळवू. दत्ताला त्या फोनांचं सांगितलं नाही. आता कुणी लपवलं म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

सुतक फिटलं, मग मंगळवार-शुक्रवार बघण्यात आणखी दिवस गेले. गोंधळ झाला तेव्हा वासा लागून तेहतीस दिवस झाले होते. तोपर्यंत दत्ताचा डावा डोळा उजव्यापेक्षा आत गेलेला स्पष्ट दिसत होता. मी अजूनही म्हणत होतो, जागरणानं डोळे खोल गेलेत.

गोंधळाच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना सोडायला होटगीला गेलो. दिवे लागायच्या वेळेला दत्ता मला म्हणाला, "चला अण्णा, जरा रुळांकडं जाऊन येऊ." शेताच्या बांधावर जाऊन उभे राहिलो. लांबवर सिग्नल होता. तो म्हणाला, "त्यो बघा. किती दिवे हायत?" मी म्हणालो, एकच आहे, पिवळा. त्यानं उजवा डोळा झाकून बघितलं, मग डावा झाकून बघितलं, मग दोन्ही उघडे ठेवून कितीतरी वेळ बघत राहिला. "मला दोन दिसतेत," तो म्हणाला, "एकावर एक." मला त्यात एवढं काय ते कळेना. मग त्यानं समजावून सांगितलं. एक पिवळा म्हणजे पुढच्या सिग्नलला थांबायची तयारी ठेवा, आत्तापासून वेग तोडा. एकावर एक दोन पिवळे म्हणजे अजून अवकाश आहे, मधे आणखी एक सिग्नल आहे, सावध होऊन या. "म्हंजे बघा," तो म्हणाला, "थांबायची खूण मला या म्हणून दिसणार. मागं हजार माणसं बसल्याली." त्याचा आवाज चढला नाही. एवढं बोलून तो बांधावर खाली बसला आणि दोन्ही तळहातांनी डोळे झाकून घेतले. बावीस वर्षं ज्यानं दिव्यांवर नजर ठेवून पोट भरलं, तो माणूस... मी त्याच्या पाठीवर हातसुद्धा ठेवला नाही. मनात एकच चाललं होतं, की आता हा मला काय म्हणेल.

तो काहीच म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आपणहून रेल्वेच्या दवाखान्यात गेला आणि सांगितलं, मला एकाचे दोन दिसतात, मला गाडीवर घेऊ नका. कधीपासून, असं विचारलं तेव्हा खरी तारीख सांगितली. इतके दिवस का नाही आलात, तर म्हणाला, अंगावर काढलं. तिथून ती गोष्ट सुरू झाली, की नोकरी जाईल या भीतीनं दत्तानं लपवलं. लपवणारा माणूस चालत जाऊन सांगतो का, एवढा साधा विचार कुणी केला नाही. मीही करू दिला नाही.

ऑपरेशन सोलापुरातच झालं. सात रस्त्याच्या डॉक्टरांनीच पुण्याहून एका सर्जनना बोलावून घेतलं, खालच्या पापणीच्या आतून जाऊन करतात म्हणे. तास-दीड तासाचं काम, पण आत चार तास लागले. बाहेर आल्यावर सर्जननी मास्क खाली केला आणि सांगितलं की स्नायू हाडाच्या कडेला चिकटून सुकलेला होता, एकेक धागा सोडवावा तसा सोडवावा लागला, हाडही वाकडं जुळायला लागलं होतं. जाळी बसवली आहे, डोळा जागेवर येईल, पण स्नायू पहिल्यासारखा फिरेल असं वचन देत नाही. दुसऱ्या दिवशी ते पट्टी बघायला आले तेव्हा मी खाटेशेजारी स्कॅनची पिशवी धरून उभा होतो आणि सुनीता पायथ्याशी. त्यांनी वैतागून विचारलं, "अहो, पंधरा दिवसांच्या आत करा म्हणून सांगितलं होतं ना तुम्हाला? कुणी थांबवलं इतके दिवस?" मी पिशवीच्या बंदाकडे बघत होतो. तेव्हा पट्टीतून दत्ताचा आवाज आला, "मीच, साहेब. लग्नाची गडबड हुती." डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढच्या खाटेकडे गेले. माझ्याकडे तोंड उघडायला भरपूर वेळ होता, आणि मी उघडलं नाही. मी आयुष्यात बरीच पापं केली असतील, पण यापेक्षा मोठं मला आठवत नाही.

समोर बघितलं की आता एकच दिसायचं. वर बघितलं की दोन. रेल्वेच्या डॉक्टरांनी सहा-सहा महिन्यांनी तपासलं, तिरळेपणाचं आणखी एक ऑपरेशन झालं, त्यानं उन्नीस-बीसचा फरक पडला. शेवटी गाडी चालवायला कायमचा नापास, आणि लॉबीत बदली. म्हणजे काय, तर ज्यांना त्यानं शिकवलं ते असिस्टंट आता ड्रायव्हर होऊन त्याच्यासमोर यायचे, दारू प्यायली नाही ना ते तपासायच्या नळीत फुंकायचे, सही करायचे आणि गाडीवर जायचे, आणि हा रजिस्टर मिटून ठेवायचा. हनुवटी वर करून बघायची सवय त्याला तेव्हाच लागली. तसं बघितलं की डोळे खालच्या अंगाला राहतात आणि दोन दिसत नाहीत. पण लोकांना त्याचं काय! नोकरी गेली तरी ताठा गेला नाही म्हणायचे. नाक वर करून चालतो म्हणायचे. महादू तर त्याची नक्कल करून दाखवायचा, आणि एकदा मीसुद्धा हसलो.

आठ वर्षांत त्यानं मला एकदाही बोल लावला नाही. लावायला हवा होता. एखाद्या सणाला पान वाढलेलं असताना ताट भिरकावून द्यायला हवं होतं, चारचौघांत माझी गचांडी धरायला हवी होती, म्हणजे मीही भांडलो असतो आणि भांडता भांडता कधीतरी खरं बाहेर पडलं असतं. पण त्यानं मला ती सोयसुद्धा दिली नाही. जाण्याच्या दोन आठवडे आधी भेटला तेव्हा मी धीर करून एवढंच म्हणालो, "दत्ता, तुझ्या डोळ्याचं ते..." त्यानं मला पुढं बोलूच दिलं नाही. म्हणाला, "रेणूचं बरं चाललंय न्हवं? मग झालं की." आणि रिक्षाला हात केला. लोक याला मोठेपणा म्हणतील. मला तो मोठेपणा आजही गिळवत नाही.

मागच्या आठवड्यात होटगीला गेलो. खरं सांगायचं तर ऑपरेशननंतर त्या घरात मी आतवर कधी गेलोच नव्हतो, दिवसकार्यातही ओसरीवरच बसलो होतो. ओसरीवर बसायचं, चहा घ्यायचा आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठायचं. या वेळी सुनीता म्हणाली, आत या, बाहेर ऊन हाय. आत गेलो आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. थोड्या वेळानं कळलं. भिंतीवरचं घड्याळ माझ्या छातीएवढ्या उंचीवर होतं. कॅलेंडर त्याच्याखाली, जवळजवळ कमरेला. आरसा खाली, देवांची फळी खाली, विजेची बटणंसुद्धा काढून खाली घेतलेली. वरची सगळी भिंत रिकामी, आणि जुन्या खिळ्यांची भोकं चुन्यानं बुजवलेली. दत्तानं आपल्याला वर बघावं लागू नये म्हणून अख्खं घर हातभर खाली उतरवून घेतलं होतं. त्याचा हार घातलेला फोटोही घड्याळाशेजारी तेवढ्याच उंचीवर होता. भावकीतल्या बायकांनी म्हणे सांगितलं, फोटो वर लावावा, माणूस देवाघरी गेलाय. सुनीता म्हणाली, "मी न्हाय म्हनलं. हितंच बरं हाय."

ती खाली बसून गवारीच्या शेंगा मोडत होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. मागची खोली, देवक, रेल्वेत सांगू नको म्हणालो ते, दवाखान्याचे फोन, सगळं. तिचे हात थांबले नाहीत. माझं संपल्यावर म्हणाली, "फोनाचं ठाऊक नव्हतं. बाकीचं ठाऊक हाय."

मी म्हणालो, "त्यानं सांगितलं?"

"ते कशाला सांगतेत! मी दाराआड हुते त्या दिवशी. तुमा दोघास्नी चहा घेऊन आलते. सगळं ऐकलं. चहा निवला, तसाच माघारी नेला."

"मग आत का नाही आलीस, सुनीता? तू एक शब्द बोलली असतीस तर..." बोलता बोलता मलाच लाज वाटली, की आता मी हिच्यावर ढकलायला निघालो आहे.

तिनं आणखी चार शेंगा मोडल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आत आले असते, तर तुमी महादूभावजींच्या बायकूला बसिवलं असतं. माझ्या पोटी न्हाय काय. जल्मात एकच कन्यादान घडणार हुतं. मलाबी करायचं हुतं की, भावजी. मीबी म्हनलं, अकराव्या दिशी नेतेतच म्हंत्यात, चार दिस इकडं-तिकडं झाले तर काय हुतंय..." आणि मग, "पाण्याची धार चुकली तवा ह्यांच्या हाताला धरलं बघा मी. त्या वक्ताला समजलं मला काय हुतंय ते. तरी मी सात पावलं हुईस्तोवर बसून ऱ्हायले."

आठ वर्षं मला वाटत होतं की हे ओझं माझ्या एकट्याचं आहे, आणि खरं सांगतो, त्याचा मला आतून कुठंतरी मोठेपणाही वाटत होता. ही बाई रोज त्याच्या ताटात भाकरी वाढत तेच घेऊन जगत होती, आणि तोही तिच्याचसाठी गप्प राहिला हे तिला माहीत होतं. मी म्हणालो, मी हे सगळं लिहून पेपरात देणार आहे, लोकांना कळू दे की दत्तानं लपवलं नव्हतं.

"लिवा की," ती म्हणाली. "तुमी लिवून मोकळं व्हाल. मी कुटं लिवू?"

मी मान वर केली नाही. तिनं ताट बाजूला सारलं, पदरात पडलेल्या शिरा गोळा केल्या आणि उठता उठता म्हणाली, "माझंबी नाव घाला त्यात. सुनीतानं ऐकलं हुतं आनि ती गप बसली, असं सरळ लिवा."

लिहिलं आहे.